कंसातला शब्द

रायभानला अक्षर ओळखता येत नव्हतं. त्याच्याजवळ होता तो आवाज. बरडावरून त्याने मेंढरांना हाळी दिली की ओढ्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करायच्या. त्या आवाजाचा गावाला उपयोग झाला तो एकोणीसशे त्र्याऐंशी साली, चैत्राच्या जत्रेत, आणि तोही विजेची डीपी जळाली म्हणून.

अंबड तालुक्यातलं हे गाव. जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं. त्या वर्षी शाळेतल्या मच्छिंद्र गुरुजींनी स्वतः लिहिलेलं ‘धवलसेनाचा न्याय’ बसवायला घेतलं होतं. शोकांतिका. राजा धवलसेन प्रधानाच्या सांगण्यावरून भर दरबारात राणीला दोषी ठरवतो. ती निर्दोष आहे हे त्याला उमगतं, पण तोंडातून शब्द गेलेला असतो, म्हणून तो तिला मरू देतो. दरबाराशी तो एक बोलतो, मनात दुसरंच असतं. ते मनातलं लोकांना कळावं म्हणून गुरुजींनी जागोजागी स्वगतं घातली होती. राजाने दोन पावलं पुढे यायचं, दरबाराकडे पाठ करायची आणि मनातलं मोठ्याने बोलायचं. समोर बसलेल्या गावाने ते ऐकायचं. चार हातांवर उभ्या असलेल्या प्रधानाने ऐकायचं नाही. कान शाबूत असताना ऐकायचं नाही, हा नाटकाचा कायदा.

जत्रेला आठ दिवस राहिले आणि डीपी जळाली. लाइट नाही म्हणजे माइक नाही, आणि रात्रीचं नाटकही नाही. नाटक दुपारी चारला शाळेच्या पटांगणात करायचं ठरलं. राजाचं काम करणारा सोसायटीचा कारकून माइकशिवाय पहिल्या सतरंजीच्या पलीकडे ऐकू जाईना.

“रायभानला उभा करा,” राधाकिसन म्हणाला. “त्याचं वरडणं परतूरपोतर जातंय.”

राधाकिसन गावातला सगळ्यात मोठा बागाइतदार. प्रधानाचं काम दरवर्षी त्याच्याकडेच असायचं, कारण जरीचा अंगरखा त्याच्या घरचा होता.

रायभानने आठ दिवसांत अख्खा राजा पाठ केला. मेंढरं शाळेमागच्या पडीत सोडायची आणि ओट्याखाली उभं राहायचं. गुरुजी वरून वाचत, तो खालून म्हणत असे. गुरुजी वहीत जे होतं ते सगळं वाचत. प्रत्येक मनोगताच्या आधी कंसात ‘स्वगत’ लिहिलेलं होतं, तेही वाचत. रायभानने कंस म्हणून काही असतं हे कधी पाहिलंच नव्हतं. त्याला वाटलं, राजा मनातलं बाहेर काढण्याआधी हे नाव घेतो. आपण खळ्यावर धान्याला हात लावण्याआधी देवाचं घेतो तसं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या ध्यानात आलं. ते राधाकिसनला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, हा ‘स्वगत’सुद्धा बोलतोय. सांगतो त्याला.”

“बिलकुल सांगू नका, गुरुजी. राहू द्या की. मजा येईन.”

“पण नाटक शोकांत आहे.”

“मंग? लोकं काय रडायला येत्यात व्हय जत्रंला?”

गुरुजींनी सांगितलं नाही.

नाटकाच्या दिवशी रायभान दोन पावलं पुढे आला, दरबाराकडे पाठ केली आणि बरडावरच्या आवाजात म्हणाला, “स्वगत! हे हृदया, राणी निष्कलंक आहे हे तुला ठाऊक आहे. मग का थरथरतोस?”

पटांगण हसण्याने फुटलं. शाळा शिकलेले आधी हसले, त्यांचं बघून बाकीचे. रायभानला ते हसू कौतुकाचं वाटलं. पुढच्या स्वगताला त्याने तो शब्द अजून वर चढवला. राणीला विष पाजायची वेळ आली तेव्हा लोक पोट धरून लोळत होते. मागून कुणीतरी ओरडलं, “वन्समोर!” रायभानने राणीला पुन्हा जिवंत उभं केलं, पुन्हा “स्वगत!” म्हणाला, पुन्हा मारलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव स्वगत पडलं.

कंस म्हणजे काय हे त्याला चार दिवसांनी कळलं. धर्मराजच्या हॉटेलात एका कॉलेजच्या पोराने चहाच्या टेबलावर पाण्याने दोन बाकदार रेघा काढून दाखवल्या. “ह्याच्या आतलं बोलायचं नसतं, मामा.” रायभान त्या ओल्या रेघांकडे त्या वाळेपर्यंत बघत बसला. मग लाजलेला माणूस करतो ते त्याने केलं. लोकांच्या आधी तो स्वतःच हसला.

आणि त्याला एक गोष्ट सापडली. स्वगत प्रधानाला ऐकू जात नाही ना? मग हॉटेलात राधाकिसन बसलेला असताना तो दोन पावलं पुढे झाला, त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणाला, “स्वगत! गायरानात ज्यानं बांध सरकवला, त्याच्या बैलाला आज माझ्या मेंढरांचं गवत खाऊन जुलाब लागले.”

लोकांनी राधाकिसनकडे पाहिलं. राधाकिसनने बशीतला चहा फुर्रकन ओढला. “धर्मराज, कोणी काही बोललं काय रे?”

“न्हाई मालक. मला तर काही ऐकू आलं न्हाई.”

“मलाबी न्हाई.”

हॉटेल हसण्याने भरून गेलं. रायभानही हसला. सबंध गावात राधाकिसनच्या तोंडावर बांधाचं बोलणारा तोच एकटा होता. बांध मात्र सरकलेला तिथेच राहिला. हा खेळ पुढे बारा-तेरा वर्षं चालला. सरपंचाची विहीर, तलाठ्याची झोप, धर्मराजच्या दुधातलं पाणी, सगळं स्वगतात निघालं आणि कुणालाच ऐकू गेलं नाही. लाइट आली, माइक आला, तरी नाटक दुपारीच राहिलं आणि राजा तोच राहिला. शेजारच्या गावांतून माणसं बैलगाड्या करून, पुढे पुढे टेंपो करून, तो शब्द ऐकायला यायची.

त्याची बायको साखराबाई नाटकाला कधी गेली नाही.

“लोकं तुमच्या बोलण्याला न्हाई हसत,” ती म्हणायची, “तुमाला हसत्यात.”

“हसू दे की. बोलू तर देत्यात.”

“बोला. पर घरात ते नाव काढायचं न्हाई. माझ्यासंग बोलायचं तर सरळ बोलायचं.”

घरात त्याने तो शब्द खरंच कधी काढला नाही. साखराबाई सरळ बाई होती. कामाला निघताना पदर कमरेला असा खोचायची आणि वरून गाठ मारायची की संध्याकाळी ती गाठ सोडायला दात लावावे लागत. लेक इंद्रायणीचं लग्न पंच्याण्णव साली परतूरला करून दिलं, तेव्हा मांडवातही तिच्या पदराला गाठ होती.

शहाण्णवच्या माघात राधाकिसनच्या खळ्यावर ज्वारीचं मळणीयंत्र लागलं होतं. ट्रॅक्टरवर पट्टा चढवलेला, रायभान मजुरीने कणसं वाहून आणत होता, यंत्राच्या तोंडाशी तीन बायका कणसं सारत होत्या. साखराबाई, चांगुणाबाई आणि एक परगावची. त्या तोंडावर हातभर लांब पत्रा असतो, कणसं सारणाऱ्याचा हात आत जाऊ नये म्हणून. दुपारी आभाळ भरून आलं. ढिगातली निम्मी ज्वारी अजून बाहेर होती.

“रायभान,” राधाकिसन म्हणाला, “तो पत्रा काढ. माल अडकून राह्यलाय. जल्दी.”

रायभानने पाना घेतला. चार नट होते. ते काढून त्याने बंडीच्या खिशात टाकले आणि पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. साखराबाईने त्याच्याकडे पाहिलं. “काहून काढला?” तिने विचारलं. यंत्राचा आवाज मोठा होता. त्याला ऐकू आलं, पण त्याने ऐकू न आल्यासारखं केलं, कारण राधाकिसन बघत होता.

पाऊण तासाने तिचा हात गेला, आणि हातामागून ती गेली. पदराची गाठ शेवटपर्यंत तशीच होती. तिला बाहेर काढताना रायभानने ती पाहिली.

तालुक्याहून पोलिसांचा जमादार आला. तो पंचनामा सांगत होता आणि मच्छिंद्र गुरुजी लिहीत होते, कारण गुरुजींचं अक्षर चांगलं होतं. साखराबाई गोणपाटाखाली होती. पत्रा पुन्हा यंत्राच्या तोंडावर तारेने बांधलेला होता. कुणी बांधला, कधी बांधला, खळ्यावरच्या बावीस माणसांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

“पदर अडकला असंन,” जमादार म्हणाला. “बायकांचं असंच असतंय. लिहा गुरुजी.”

रायभान पुढे आला. “पदर नव्हता अडकला. गाठ हाय अजून, बघा. पत्रा मी काढला. ह्यांनी सांगितलं म्हणून काढला. हे नट.”

त्याने हात उघडला. जमादाराने नटांकडे पाहिलं, मग राधाकिसनकडे. गुरुजींचं पेन थांबलं. बावीस माणसं जमिनीकडे बघत होती.

राधाकिसन पुढे झाला. त्याने रायभानच्या खांद्यावर हात ठेवला, मायाळूपणाने ठेवला, आणि जमादाराला म्हणाला, “साहेब, ह्याच्या डोस्क्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. तसा हा आमच्या गावचा राजा हाय. ह्याला समदे स्वगत म्हणत्यात.”

“स्वगत? म्हंजे?”

“म्हंजे हा बोलतो ते नाटकातलं असतंय. आमाला ऐकू येत न्हाई.”

मागे कुणाला तरी हसू आलं. ते हसू त्याने खोकल्यात लपवलं, पण मग दुसऱ्याला खोकला आला, तिसऱ्याला आला. गोणपाटाशेजारी उभी राहून माणसं खोकत होती. चांगुणाबाईचा पदर त्याच सकाळी साखराबाईने ओढून बांधून दिला होता. ती राधाकिसनकडे बारमाही कामाला होती. तिने तोंडाला पदर लावला आणि ती रडत होती की काय करत होती ते दिसलं नाही.

“गुरुजी,” रायभान म्हणाला, “तुमी तर लिहा.”

गुरुजींनी वर पाहिलं नाही. “स्वगत लिहून घेत नसतात, रायभान,” ते हळू म्हणाले, आणि सुरेख अक्षरात लिहिलं: मयत हिने पदर न खोचता काम केल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

जालन्याच्या एका पेपरात दोन ओळी आल्या. निष्काळजीपणामुळे मजूर महिला ठार. परतूरला इंद्रायणीच्या नवऱ्याने त्या वाचून दाखवल्या. तिच्या हातून ताट पडलं, दूध उतू गेलं, की सासू दुर्गाबाई म्हणे, “निष्काळजी मायची लेक.” आधी रागाने म्हणे. पुढे ती नुसती सवय झाली.

रायभानला आता एकच हवं होतं. त्या कागदावरची ती ओळ खोडायची. साखराबाई निष्काळजी नव्हती एवढं कुणीतरी त्याच्याकडून ऐकून घ्यायचं. त्यासाठी स्वतःला जे व्हायचं ते होऊ दे. तो अंबडला गेला. तोच जमादार व्हरांड्यात बसलेला होता. “या राजे,” म्हणाला. ग्रामसभेत तो उभा राहिला, तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, “स्वगत!” आणि सभेने पुढचा विषय घेतला. धर्मराजच्या हॉटेलात त्याने टेबलावर चार नट मांडले.

“हे बघ धर्मराज. तू व्हतास खळ्यावर.”

“काय हाय ते?”

“नट हायेत. पत्र्याचे.”

“नटाच्या खिशात नट!” राधाकिसन पलीकडच्या बाकावरून म्हणाला, आणि हॉटेलातल्या माणसांना ते इतकं आवडलं की पुढे वर्षभर रायभान दिसला की पोरं विचारायची, “मामा, आज किती नट?”

त्याने विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं, राधाकिसनच्या दारात एक दिवस उपाशी बसूनही पाहिलं. राधाकिसनच्या बायकोने त्याला आग्रहाने जेवू घातलं. त्याच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. त्याच्यासमोर ताट येत होतं, तंबाखू येत होती. फक्त त्याचं बोलणं त्याच्या तोंडातून निघून कुठे पोचत नव्हतं.

शहाण्णवच्या आणि सत्त्याण्णवच्या जत्रेत त्याने काम करायला नकार दिला. कारकून राजा झाला आणि लोक अर्ध्यातून उठून गेले. अठ्ठ्याण्णव साली फाल्गुनात गुरुजी स्वतः त्याच्या घरी आले. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. ओट्यावर टेकून म्हणाले, “एवढ्या वर्षी कर. माझ्यासाठी.”

रायभान म्हणाला, “गुरुजी, एक विचारू? स्वगत प्रधानाला ऐकू जात न्हाई.”

“नाही.”

“पर समोर बसल्याल्यांला ऐकू जातं.”

“त्यांच्यासाठीच असतं ते. नाहीतर राजाच्या मनातलं त्यांना कळणार कसं?”

“मंग करतो,” रायभान म्हणाला. पंधरा वर्षं तो शब्द त्याने उलट्या बाजूने धरला होता. लेकीला तोंडावर सांगायचा धीर त्याला कधी झाला नव्हता. त्याने परतूरला निरोप धाडला, इंद्रायणीला म्हणावं यंदा नाटकाला ये. आल्याशिवाय राहू नको.

त्या दुपारी पटांगण भरलं होतं. बाभळीवर माणसं होती. इंद्रायणी बायकांत पुढे बसली होती, कडेवर मूल. तिसऱ्या अंकात राणीवर आळ आला. राजा दोन पावलं पुढे झाला, त्याने दरबाराकडे पाठ केली. माइक बांबूला बांधलेला होता, तो त्याने बाजूला सारला.

“स्वगत!”

लोक हसायला तयारच होते. ते हसले. तो थांबला. हसू ओसरू दिलं.

“हे हृदया, राणी निष्काळजी नव्हती. तिच्या पदराला गाठ व्हती. मी दातानं सोडली ती गाठ, ती मेल्यावर. मशीनच्या तोंडावरचा पत्रा मी काढला. प्रधानजी म्हन्ले, जल्दी कर, मी जल्दी केली. तिनं मला विचारलं, काहून काढला. मला ऐकू आल्तं, हृदया. मी ऐकू न आल्यावाणी केलं. राणी गेली ती माझ्या हातानं गेली. हे चार नट.”

खिशातून काढून त्याने हात उघडला.

चार हातांवर जरीच्या अंगरख्यात राधाकिसन उभा होता. त्याला ऐकू येऊन चालणार नव्हतं. तो तलवारीच्या मुठीवर हात ठेवून आभाळाकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने तेवढं चांगलं काम कधी केलं नव्हतं. पटांगणात एक मूलही रडत नव्हतं. ज्या माणसांनी दोन वर्षं काही ऐकलं नव्हतं, त्यांना शब्दन् शब्द ऐकू जात होता. तो त्यांच्या तोंडांवर दिसत होता. बायकांतून एक हुंदका आला. आणखी एक क्षण गेला असता, तर कुणालातरी उठून काहीतरी बोलावं लागलं असतं.

“वन्समोर!” धर्मराज ओरडला.

टाळ्या पडल्या. सुटका झालेल्या माणसांच्या टाळ्या. “वन्समोर! वन्समोर!” बाभळीवरून शिट्ट्या आल्या. रायभानने इंद्रायणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे एकटक बघत होती. तो दोन पावलं मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. त्याला वाटलं, पुन्हा सांगितलं तर पुन्हा ऐकतील. त्याने सांगितलं. ‘काहून काढला’ म्हणताना आवाज फाटला, तिथे बायका रडल्या. तिसऱ्यांदा वन्समोर आला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज बरोबर त्याच शब्दावर फाटला, आणि नट दाखवताना त्याने हात जरा वर धरला, मागच्यांना दिसावेत म्हणून. हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलं. त्यापुढे तो राजाचंच बोलला आणि राणीला विष दिलं.

शेवटी राधाकिसनने माइकवर येऊन राजाला फेटा बांधला. “रायभाननं आज रडवलं,” तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच ओले होते. गुरुजी विंगेत मांडीवर वही घेऊन बसले होते. रायभान जवळून गेला तसे म्हणाले, “थांब, थांब. ‘मी ऐकू न आल्यावाणी केलं’, मग काय? फार चांगलं जमलंय. पुढच्या वर्षी हेच ठेवू.” ते भराभर लिहून घेत होते. सुरुवातीला त्यांनी कंस केला आणि कंसात तो शब्द लिहिला.

परतूरची एसटी साडेसहाला होती. इंद्रायणी घरात आली, मूल खाली ठेवलं, चूल पेटवली नाही. रायभान फेटा न काढताच भिंतीला टेकून बसला होता.

“आबा.”

“काय गं?”

“आज बोलले ते खरं हाय का नाटकातलं?”

त्याने फेट्याचा सुटलेला शेव आत खोचला.

“खरं असंन तर सांगा,” ती म्हणाली. “मी जाऊन सांगते सासूबाईला. माझी माय निष्काळजी नव्हती, म्हणून सांगते. रोज ऐकून राह्यले मी. पोरीलाबी तसंच म्हणायला लागल्यात.” तिचा आवाज चढला. “पत्रा तुमी काढला? तिनं तुमाला विचारलं तवा तुमाला ऐकू आल्तं?”

ओसरीत कुणी नव्हतं. हसणारं कुणी नव्हतं, खोकणारं नव्हतं. दोन वर्षं त्याला हवं होतं ते समोर बसलं होतं, ऐकायला. तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं की एका शब्दात साखराबाई सुटेल, आणि त्याच शब्दात ही लेक उठून एसटीला जाईल ती पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. तिच्या पदराला कमरेशी गाठ होती. आईसारखी.

“न्हाई,” रायभान म्हणाला. “नाटकातलं हाय ते.”

“बराबर सांगा.”

“गुरुजीनं लिहिल्यालं हाय. वहीत हाय त्यांच्या, जाऊन बघ.”

मग तिचं अंग सैल पडलं. तिने मूल उचललं, त्याचं नाक पुसलं.

“मंग मायच निष्काळजी व्हती म्हणायची,” ती म्हणाली.

रायभानने होकाराची मान हलवली. फेटा मोठा होता, त्यामुळे ती जरा जास्तच हलली.